लेबर रूम पोस्टिंगमध्ये केस मिळत नाहीत, केस बुक कसं भरू? – माझं उत्तर

तुमची पोस्ट वाचली आणि आमची बॅचच डोळ्यापुढे आली. मेडिकल कॉलेजच्या लेबर रूमला पोस्टिंग, डिलिव्हरी सगळ्या इंटर्न नि रेसिडेंट डॉक्टर घेणार, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींनी बीपी घ्यायचं, ट्रॉली लावायची, सॅम्पल पोचवायची, आणि केस बुकात (आपण घेतलेल्या प्रत्येक डिलिव्हरीची नोंद आणि सिस्टरची सही असलेली वही) मात्र आमच्या वेळी 20 नॉर्मल डिलिव्हरी लागायच्या. मैत्रिणीच्या केसेस उतरवून काढू का विचारलंय, तर नका हो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम मधलीच एखादी केस उघडून वार (प्लासेंटा) पडायला किती वेळ लागला, पूर्ण होती का, एवढंच विचारतात आणि सगळं उघडं पडतं.

आता माझा अनुभव. आमच्या ट्यूटरनी सांगितलेलं की सह्या पोस्टिंग संपल्यावर एकदम घ्या, सिस्टरना रोज त्रास देऊ नका. आणि नेमकी शेवटच्या आठवड्यात इन्चार्ज सिस्टरची बदली झाली. नवीन इन्चार्ज म्हणाल्या मी बघितलंच नाही तर सही कशी करू, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण कॉलेजचं ऑफिस म्हणे हॉस्पिटलचं पत्र आणा, हॉस्पिटलचं ऑफिस म्हणे आधी कॉलेजचं पत्र आणा, आणि तिथले क्लार्क कायम जेवायला गेलेले. रजिस्टरमध्ये सगळ्या नोंदी होत्या, कुणी उघडून बघायला तयार नाही! परीक्षेचा फॉर्म त्यात अडकला आणि मी एक बॅच मागे पडले. अजून आठवलं की डोकं फिरतं. म्हणून सही त्याच ड्युटीत, ज्यांच्यासमोर डिलिव्हरी झाली त्यांचीच, खाली पेशंटचा इनडोअर (भरतीचा) नंबर आणि तारीख. त्या पानाचा मोबाईलवर फोटो (फक्त आपल्या पानाचा, पेशंटच्या फाईलचा अजिबात नाही).

केस मिळण्याबद्दल, माझं मत हां, तुमच्याकडे पद्धत वेगळी असू शकते. नाईट ड्युटी मागून घ्या, शिकणाऱ्यांची गर्दी कमी असते. ग्रामीण रुग्णालय किंवा पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) पोस्टिंग असेल तर मुली नाक मुरडतात, पण तिथे नॉर्मल डिलिव्हरी सिस्टरच घेतात आणि तुम्हाला जवळ उभं करून हात धरून शिकवतात.

आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये दहा टेबलांवर डोकावत फिरू नका, एकच बाई धरा. तिला आधी विचारा, मग फंडसवर (गर्भाशयाच्या वरच्या टोकावर) हात ठेवून घड्याळात दहा मिनिटं कळा मोजा. किती आल्या आणि प्रत्येक किती सेकंद टिकली. 20 सेकंदांच्या आत असेल तर पार्टोग्राफच्या (प्रसूती कशी पुढे सरकतेय ते नोंदवायच्या तक्त्याच्या) चौकोनात ठिपके, 20 ते 40 ला तिरक्या रेघा, 40 च्या वर पूर्ण काळा. हे पुस्तकात दोन ओळींत संपतं, पण कळ येताना पोट बोटांखाली कसं घट्ट होतं ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. कळ ओसरली की लगेच फीटोस्कोप (पोटावर लावून ऐकायची नळी) लावून एफएचएस, म्हणजे बाळाचे ठोके, पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय लावू नका, आमच्याकडे निम्म्या मुली तेच करायच्या. अशी तास-दोन तास बसलेली मुलगी दिसली की सिस्टर स्वतःच म्हणतात, चल ग्लोव्ह घाल.

जाता जाता, वॉर्डातल्या कामाच्या मावशींशी गोड बोला, कोणती बाई कधी टेबलवर येणार ते डॉक्टरांच्या आधी त्यांना माहीत असतं.

फॉर्मची तारीख जवळ असेल तर आधी राहिलेल्या सह्यांच्या मागे लागा, केसेसचं नंतर बघू.