ड्युटी लिस्टखालची सही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. एम.एस्सी. नर्सिंग करावं की इन्चार्जशिपची वाट पाहावी, असं विचारलंस. कर. पण फक्त मेट्रनच्या, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेच्या खुर्चीसाठी नको.

मी नव्याने परिसेविका, म्हणजे वॉर्डची इन्चार्ज झाले तेव्हा ड्युटी लिस्ट म्हणजे रकान्यांत नावं बसवायची, एवढंच मला कळत होतं. एका मुलीला सलग 7 नाइट लावल्या. आठव्या दिवशी दुसरी आजारी पडली, तर ती नाइटही हिच्याच गळ्यात घातली. पहाटे 5 वाजता तिनं 12 नंबरच्या खाटेचं इन्सुलिन 13 नंबरच्या आजोबांना दिलं. ते घामानं निथळायला लागले तेव्हा चूक तिच्याच लक्षात आली. धावत डॉक्टरांना बोलावलं, डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाइन) दिलं, आजोबा वाचले. मेमो तिला मिळाला. लिस्टखाली सही माझी होती. ती लिस्टची वही चौकशीत कुणी मागितली नाही आणि मीही पुढे केली नाही. इतक्या वर्षांनीही ते मला बोचतं.

पुढे शिकायला गेले तेव्हा त्या रात्रीचं गणित कळलं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा, की अध्यापन रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात 3 खाटांमागे 1 परिचारिका, तिन्ही पाळ्या धरून. 30 खाटांना 10 जणी. त्यावर 30 टक्के रजा-राखीव, म्हणजे 13. या वरच्या तिघीच साप्ताहिक सुट्ट्या, बाळंतपणं, आजारपणं पेलतात. त्या नसल्या की कुणाची तरी डबल ड्युटी ठरलेलीच. माझ्या वॉर्डात तेव्हा त्या नव्हत्या, आणि त्या मागायच्या असतात हेही मला ठाऊक नव्हतं.

या 2 वर्षांच्या पदवीत व्यवस्थापन ही वेगळी शाखा नाही. तुला मेडिकल-सर्जिकल, बालरोग, मानसोपचार अशा शाखांतून एक निवडावी लागेल. ज्या वॉर्डात तुझा जीव रमतो तीच घे. नर्सिंग मॅनेजमेंट हा विषय दुसऱ्या वर्षी येतो, 150 तास थिअरी आणि 150 तास प्रात्यक्षिक. पुष्कळ मुली ते प्रात्यक्षिक फाइल सजवण्यात घालवतात. तू मेट्रन ऑफिसात जाऊन बस. सकाळी सातला कोण आलं नाही याचे फोन येतात, तेव्हा कुठल्या वॉर्डातून माणूस काढतात आणि का, ते बघ. इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, कुठे अडतं, बंद पडलेलं सक्शन मशीन दुरुस्तीला जायला किती सह्या लागतात, तेही बघ.

प्रबंधाचा विषयही तुझ्याच वॉर्डातला घे. अधीक्षकांना ‘माणसं कमी पडतात’ म्हटलं की ‘सगळीकडेच कमी आहेत’ हे उत्तर मिळतं. पण 3 महिन्यांच्या लिस्ट, रोजची रुग्णसंख्या, डबल ड्युट्या आणि औषधांच्या चुका एका कागदावर शेजारी शेजारी मांडल्यास, तर तेच उत्तर देणं त्यांनाही जड जातं. मला अशा कागदावर 2 जणी मिळाल्या होत्या. तिसरी नाही मिळाली.

बी.एस्सी.नंतर एका वर्षाच्या अनुभवावर प्रवेश मिळतो, पण मला विचारशील तर आणखी दोन-तीन वर्षं वॉर्डात काढ. नाइट स्वतः केलेली असली की लिस्ट लिहिताना हात जरा थांबतो.

दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या वॉर्डच्या मागच्या महिन्याच्या लिस्टची नक्कल घेऊन ये. दोघी बसून मोजू.

तुझी,
जुनी इन्चार्ज सिस्टर