रमजानमध्ये मधलेच काही दिवस रोजा न ठेवणाऱ्या बाईच्या रोज्याला अर्थ काय?

तुम्ही विचारलंय की ऑफिसातली एक मुस्लिम सहकारी रमजानमध्ये रोजा ठेवते, पण मध्येच एक-दोन दिवस ती पॅन्ट्रीत दाराआड चहा पिताना दिसली, पुढच्या आठवड्यात परत रोजा, तर मग याचा आध्यात्मिक अर्थ काय राहिला, ही नुसती लोकांना दाखवायची रीत आहे का, आणि पाणीसुद्धा न पिता माणूस दिवसभर काम कसं करतो.

पहिल्याचं उत्तर एका ओळीत. तिची पाळी आली असणार. त्या दिवसांत रोजा न ठेवण्याची नुसती सूट नाहीये, ठेवायला परवानगीच नाही, ठेवला तरी तो होत नाही. नसेल पाळी तर आजारी असेल, प्रवासातून आली असेल, काहीही असेल, तिने कारण सांगायला ती कोणाला बांधील नाही. दाराआड चहा पिते ती बाकी रोजेदारांच्या समोर नको म्हणून आणि तुमच्यासारख्यांनी मोजू नये म्हणून. तुम्ही मोजलंतच.

रागाने लिहितेय असं वाटेल. आहेच थोडा राग, कारण तो दाराआडचा चहा मी वर्षानुवर्षं प्यायलेय, तेही ऑफिसात नाही, स्वतःच्या सासरी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, कडी लावून.

आमचं गाव दापोली तालुक्यात खाडीकाठी. घरटी एक माणूस आखातात किंवा बोटीवर, माझे मिस्टर पण बोटीवरच. २०१५ चा रमजान ऐन पावसात आला होता, जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत. (आपल्या कॅलेंडरच्या मानाने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. सध्या फेब्रुवारी-मार्चात आहे, तेव्हा मोठ्यात मोठ्या दिवसांत होता.) पहाटे पावणेपाचच्या आत सहरी, म्हणजे रोज्याआधीचं जेवण, संपवायची आणि मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजची) अजान सव्वासातच्या पुढे. पावसाळ्यात मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या आणि मोहल्ल्यातले सगळे पुरुष दिवसभर घरात. माझी मुलगी तेव्हा अंगावर पीत होती. सुरुवातीचे रोजे मी ठेवले, मग दूध कमी व्हायला लागलं, पोर रात्रभर किरकिर करायची, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर बाईंनी वजन बघितलं आणि म्हणाल्या तू स्वतः नीट खा-पी, नाहीतर हिला पुरणार नाही. मी रोजे थांबवले. यात मला तेव्हाही काही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही. प्रवासी, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी बाई यांच्यावरचा रोज्याचा भार अल्लाहने उतरवलाय अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, ती मला लहानपणी मदरशातच शिकवलेली.

पण मोठे दीर घरात होते. कुवेतहून सुट्टीवर आले होते. आम्ही त्यांना भाई म्हणतो. इफ्तारला सगळे दस्तरखानावर (जेवायला अंथरलेल्या कापडाभोवती) बसलेले, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, आणि मी खजूर उचलला तर भाई सगळ्यांसमोर म्हणाले, रोजा नसणाऱ्यांनी इफ्तार कसला करायचा, आमच्या आईने आम्हा सगळ्यांना पाजवलं पण एक रोजा कधी चुकवला नाही, हल्लीच्या पोरींना डॉक्टरचं निमित्तच पाहिजे असतं. वर आणि असं की बायकांचं बरं आहे, पाळीची सुट्टी, बाळंतपणाची सुट्टी, पुरुषाला बघा तीस दिवस सलग. पुतणे ऐकत होते, जाऊ ऐकत होती, कोणी काही बोललं नाही. मी खजूर खाली ठेवला नाही, तेवढं मात्र केलं.

सासूबाई, आम्ही त्यांना अम्मी म्हणायचो, त्याही गप्प. पुरुष तरावीहला (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजला) मशिदीत गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात भांडी विसळताना म्हणाल्या (घरात कोकणी बोलतो, इथे सरळ मराठीत लिहितेय), ‘तो म्हणतो तसं काही नाही गं. याच्या वेळेला दूध पुरत नव्हतं, मी पण सोडलेले. धाकट्याच्या वेळेला पण. ते नंतर एकेक करून फेडले. हा शाळेतून जेवायला घरी यायचा, मी वाढायचे, हा म्हणायचा तू पण बस, मी म्हणायचे मागाहून जेवते. माझा रोजा असायचा. त्याला आजपर्यंत माहीत नाही.’

मी विचारलं, मग आत्ता का नाही बोललात सगळ्यांसमोर? तर म्हणाल्या, आपला रोजा कोणाला कशाला सांगायचा.

मला ते पटलं नाही. आपण केलेली इबादत (उपासना) लपवावी हे शंभर टक्के खरं, पण शरियतने काय सवलत दिलीय ते बायकांनी लपवलं ना, की मग पुरुषांना वाटतं आमच्या आया तीस दिवस सलग रोजे ठेवायच्या, आणि तीच खोटी गोष्ट पुढच्या सुनेच्या डोक्यावर आपटतात. अम्मी आता नाहीत म्हणून हे लिहितेय. त्या असताना त्यांच्या शब्दाबाहेर मी गेले नाही.

आता अर्थ विचारलात ना, तर मला जो काही कळलाय तो या कजा, म्हणजे राहून गेले म्हणून नंतर ठेवलेल्या, रोज्यांत कळलाय. रमजानमध्ये सुटलेले रोजे पुढच्या रमजानच्या आत भरून द्यायचे असतात, नमाजचं तसं नाही, पाळीतली नमाज माफ असते पण रोजे मोजून परत ठेवावे लागतात. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा रमजानचे राहिलेले रोजे शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आदल्या महिन्यात पुरे करायच्या हे बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आहे. माझ्या माहितीतल्या बायका डिसेंबर-जानेवारी बघतात, दिवस लहान, हवा थंड. मी पण त्या वर्षीचे सगळे थंडीतच फेडले.

आणि रमजानचा रोजा आणि कजा रोजा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. रमजानमध्ये अख्खा मोहल्ला तुमच्याबरोबर उपाशी असतो, मशिदीचा भोंगा उठवतो, शेजारून भांड्यांचे आवाज येतात, संध्याकाळी इकडून तिकडे ताटं जातात, त्या गर्दीत रोजा होऊन जातो. कजा रोज्याला मोबाईलचा अलार्म लावून एकटीने उठायचं, कोणाची झोप मोडू नये म्हणून दिवा न लावता नाचणीची पेज नाहीतर रात्रीचा भात दह्यात कालवून खायचा. नियत (रोज्याचा संकल्प) पहाटेच्या आधीच केलेली पाहिजे. मग दिवसभर घर नेहमीसारखं चालू. पोरांचे डबे, अकराला दारात मावरंवाली, बांगडे साफ करा, कालवण करा, मीठ अंदाजाने टाका (जिभेवर घेऊन थुंकलं तर चालतं गरजेला, पण मन होत नाही), बाराला सगळ्यांना वाढा. पाहुणी येते, चहा कर म्हणते, तिच्यासाठी करते आणि स्वतःला नको म्हणते, तर लगेच विचारते काय गं बरं नाही का. संध्याकाळी अजान झाली की ओट्यापाशी उभ्याने एक खजूर, एक ग्लास पाणी, बाहेर टीव्ही चालू. कोणालाही पत्ता नाही.

दुपारी दोन-अडीचला जोहरच्या नमाजसाठी वुजू करते (हात-तोंड-पाय धुते) तेव्हा थंड पाणी तोंडात असतं. घशापासून बोटभर अंतरावर. घरात कोणी बघत नाही, रमजानही नाही, एक घोट गिळला तर जगात कोणाला कळणार नाही. आणि तरी आपण ते थुंकून टाकतो. मला वाटतं तिथे रोजा असतो. अल्लाह बघतोय हे एरवी तोंडाने सगळेच म्हणतात, पण ते खरंच वाटतंय की नाही याची परीक्षा त्या चुळीत होते. नमाज पढताना लोक बघतात, जकात (गरिबांसाठीचं दान) घेणाऱ्याला तरी ठाऊक असतं, हजहून आलं की गावभर हार घालतात. रोजा तेवढा आत राहतो. म्हणून तर हदीसे कुदसीत (पैगंबरांनी सांगितलेल्या अल्लाहच्या बोलात) अल्लाह म्हणतो की रोजा माझ्यासाठी आहे आणि त्याचा मोबदला मीच देईन.

आता मला सांगा, जी गोष्ट अल्लाहने स्वतःच्या आणि बंद्याच्या मध्ये ठेवलीय तिची हजेरी घ्यायला मोठा दीर कोण, जमात कोण आणि ऑफिसातले तुम्ही कोण?

रोज्याचा हुकूम कुराणात सूरह बकरामध्ये १८३ व्या आयतीत आहे आणि आजारी माणसाने, प्रवाशाने नंतर दुसऱ्या दिवसांत ठेवावा हे त्याला लागूनच १८४ मध्ये आहे, १८५ मध्ये परत तेच सांगून पुढे म्हटलंय की अल्लाहला तुमच्यासाठी सोपं हवंय, अवघड नको. म्हणजे हुकूम आणि सवलत शेजारी-शेजारी आहेत. ज्याने हुकूम दिला त्यानेच थांब म्हटलंय, तर थांबणं ही पण त्याचीच आज्ञा पाळणं आहे. उपाशी राहणं म्हणजेच रोजा असं धरलं तर दुष्काळातला प्रत्येक माणूस रोजेदार ठरेल.

दुसरी हदीस भाईंसाठी. जो खोटं बोलणं आणि तसं वागणं सोडत नाही त्याने खाणं-पिणं सोडावं याची अल्लाहला काही गरज नाही. बुखारीत आहे. रोज्यात कोणी भांडायला आलं तर मी रोजेदार आहे एवढं म्हणून बाजूला व्हा अशीही शिकवण आहे. दिवसभर पोट बांधून संध्याकाळी भरल्या दस्तरखानावर ओल्या बाळंतिणीला टोमणा मारला तर त्या भुकेचं काय झालं? हे मी त्यांना पुढे तोंडावर विचारलं, पुढच्या सुट्टीत. म्हणाले मी गंमत केली होती. माझ्या लेखी ती गंमत नव्हती.

पाण्याचं आणि कामाचं राहिलं. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, ते भुकेने कमी आणि चहा सुटल्याने जास्त, म्हणून शाबानपासूनच चहा कमी करत यावा. सहरीला सुकी मासळी, लोणचं, पापड अजिबात नको, दिवसभर तहान जाळते. पेज, दही, केळं, उकडलेलं अंडं, भाकरी-तूप बरं पडतं. सहरी चुकवून रोजा ठेवण्यात शौर्य नाही, सहरीत बरकत आहे असं पैगंबरांनी सांगितलंय. विसरून पाणी प्यायलात तर रोजा तुटत नाही, आठवलं की थांबायचं आणि पुढे चालू. काम होतं हो, आमच्याकडे जेटीवर टोपल्या उचलणारे पण ठेवतात, त्यांचा दिवस कसा जातो ते त्यांनाच विचारा, मी घरात असते. इफ्तार खजूर-पाण्याने करावा आणि लगेच मगरिब पढावी. तळणाचे सात पदार्थ लागतात ही आपण लावून घेतलेली सवय आहे, आणि त्यासाठी असरपासून (दुपारनंतरच्या नमाजपासून) बायका कढईसमोर उभ्या. इफ्तारच्या आधीची ती वेळ दुआ मागायची, ती आमची भजी उलटण्यात जाते. पुरुषांना इतकंच सांगेन की रोजा सगळ्यांचा असेल तर ओटा पण सगळ्यांचा असू दे.

हो, आणि मी काही आलिमा (धर्मशास्त्र शिकलेली) नाही. धर्माचे नियम पाळायच्या शाफई, हनफी अशा वेगवेगळ्या पद्धती आहेत, आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, आमच्यात पाजणाऱ्या बाईने फक्त बाळाच्या काळजीने रोजा सोडला तर कजा शिवाय रोज्यामागे एक मुद, म्हणजे ओंजळभर धान्य गरिबाला फिदया (भरपाई) म्हणून द्यायचं, मी तांदूळ दिले. हनफींमध्ये नुसती कजा पुरते. तुमच्या सहकारीचं घर कुठल्या पद्धतीचं ते तिला माहीत असेल. शुगरवाल्यांनी, इन्सुलिनवाल्यांनी हे वाचून काही ठरवू नका, आधी डॉक्टर मग मौलाना, दोघांना विचारा. आणि सगळेच दीर असे नसतात, माझ्या माहेरी माझा भाऊ बायकोसाठी दुपारी गुपचूप जेवण झाकून ठेवायचा.

तुम्ही त्या बाईंना काही विचारू नका. माफी पण मागायला जाऊ नका, तिला अजून अवघडल्यासारखं होईल. पॅन्ट्रीत ती असली तर आत जाऊ नका, झालं.

आमच्या पुतण्याची बायको नुकतीच बाळंत झालीय. तिला मी जावेसमोरच सांगून ठेवलंय की या रमजानला तू काय ठेवतेस काय सोडतेस ते तुझं आणि तुझ्या अल्लाहचं, दार लावून खायची गरज नाही, माझ्या स्वयंपाकघरात बसून जेव. भाई पण यंदा इथेच आहेत, कायमचे आलेत कुवेतहून. त्यांना जे बोलायचं असेल ते त्यांनी मला बोलावं, पोरीला नाही.