आधी लॉगिन तिच्या हातात द्या

प्रश्न : माझी मुलगी सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाली. इंटर्नशिपनंतर नीट-पीजीचे दोन अटेम्प्ट दिले. यंदाच्या रँकला रेडिओलॉजी मिळत नाही, इमर्जन्सी मेडिसिनची एमडी मिळतेय आणि ती म्हणते, मला तेच हवंय. मी तिसऱ्यांदा बसायला सांगितलंय. जन्मभर रात्रपाळी, नातेवाइकांच्या शिव्या आणि स्वतःचं म्हणून काहीच नाही. स्टेशन रोडला सीटी-सोनोग्राफीच्या सेंटरसाठी गाळाही घेऊन ठेवलाय. इंटर्नशिपमध्ये एका रात्री तिनं रिपोर्ट यायच्या आतच एका म्हाताऱ्या पेशंटचा मेंदूचा सीटी बघितला आणि ‘रक्तस्राव आहे’ म्हणून सिनियरला उठवलं. बरोबर निघालं, पण चुकलं असतं तर? स्कॅन वाचणं रेडिओलॉजिस्टचं काम. पुढे तर ते एआयच करणार. चॉईस फिलिंगचं, म्हणजे प्रवेशाचा पसंतीक्रम भरायचं लॉगिन माझ्याकडे आहे, इमर्जन्सी अजून टाकलेली नाही. तिला कसं समजवावं?
– एक पालक, परभणी

उत्तर : लॉगिन तुमच्याकडे का आहे?

बाकीचं नंतर बोलू, कारण तुमच्या पत्रात मला खटकलं ते हेच. रात्री दोन वाजता सिनियरला झोपेतून उठवून ‘सर, हा ब्लीड वाटतोय’ म्हणायला काय लागतं, हे सरकारी हॉस्पिटलात इंटर्नशिप केलेल्या कुणालाही विचारा. उठवलं आणि काहीच निघालं नाही, तर पुढचे पंधरा दिवस टोमणे ऐकावे लागतात. तरी तिनं फोन केला. एवढी जबाबदारी घेणाऱ्या मुलीला स्वतःचा पसंतीक्रम भरायला वडिलांकडे पासवर्ड मागावा लागतो. तुमच्या अख्ख्या पत्रात तिचं म्हणून एकच वाक्य आहे, ‘मला तेच हवंय’, आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. ते तिला का हवंय, हे तुम्ही विचारलं की नाही, पत्रावरून कळत नाही. विचारलं नसावं.

आणि तो गाळा. तो तुम्ही तिला विचारून घेतलात का? आधी जागा घेतली, आता त्या जागेला साजेशी डॉक्टर तयार व्हावी म्हणून मुलीनं तिसरं वर्ष अभ्यासिकेत काढायचं. स्पष्टच सांगतो, इमेजिंग सेंटरच्या खर्चात गाळा ही सगळ्यात किरकोळ बाब. सीटी-एमआरआयची मशिनं, त्यांचं मेंटेनन्स, सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदानविरोधी कायद्याची) नोंदणी आणि तिचं रोजचं रेकॉर्ड, शिवाय शहरात आधीच बस्तान बसवलेली सेंटरं. रेडिओलॉजी मिळाली तरी ती परभणीतच बसेल, हे कुणी ठरवलं? गाळा भाड्यानं द्या, हप्ते सुटतील. तिसऱ्या अटेम्प्टला रँक वर जाईलच असं नाही, आणि पेशंटला हात न लावता गेलेलं आणखी एक वर्ष तरुण डॉक्टरला जड जातं.

आता तुमचा मोठा गैरसमज, की स्कॅन वाचणं फक्त रेडिओलॉजिस्टचं काम. अधिकृत रिपोर्ट त्यांचाच, त्यात वाद नाही. पण इमर्जन्सीचा डॉक्टर रिपोर्ट लिहायला स्कॅन बघतच नाही. त्याला पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते ठरवायचं असतं. रक्त आहे का, मेंदू एका बाजूला ढकलला गेलाय का, मेंदूभोवतीच्या पोकळ्या मोकळ्या आहेत का, न्यूरोसर्जनला आत्ता बोलवायचं का. रक्त, सिस्टर्न (मेंदूभोवतीच्या त्या पोकळ्या), मेंदू, व्हेंट्रिकल (मेंदूच्या आतल्या पोकळ्या), हाड, या ठरलेल्या क्रमानं बघायचं, हे त्यांना शिकवतात. पक्षाघाताचा पेशंट आला तर घड्याळ आणखी कडक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख न्यूरॉन मरतात असा अंदाज आहे. अशा पेशंटचा सुरुवातीचा सीटी बऱ्याचदा जवळजवळ नॉर्मल दिसतो. नातेवाईक म्हणतात, ‘नॉर्मल आहे ना, मग घरी नेतो.’ खरं म्हणजे हात-पाय लुळा पडलेला, सीटीवर रक्त नाही आणि वेळ शिल्लक आहे, तेव्हाच ते इंजेक्शन द्यायचा विचार होतो. फिल्म नॉर्मल आणि माणूस नॉर्मल यांतला फरक कॉटजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरलाच दिसतो.

तिनं बघितलेल्या पेशंटसारख्यांचंही तसंच. म्हातारा माणूस कधीतरी घसरलेला असतो, घरचे ते विसरलेले असतात, दोन-तीन आठवड्यांनी तो एक पाय ओढत चालायला लागतो. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं, जुनं काळपट. मधल्या काही दिवसांत ते नेमकं मेंदूसारखंच करडं होतं. मग रक्त असं दिसत नाही, त्याच्या खुणा दिसतात. एका बाजूच्या वळ्या कवटीपासून आत दबलेल्या, मधली रेष जराशी सरकलेली. फॉर्मवर फक्त ‘चक्कर’ लिहिलेलं असेल तर अनुभवी नजरेलाही हे निसटू शकतं. ज्यानं तो पाय तपासलाय, तो डॉक्टर कुठे बघायचं ते ठरवूनच स्कॅन उघडतो.

‘चुकलं असतं तर?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. १९९८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. पक्षाघाताचे सीटी वेगवेगळ्या डॉक्टरांना दाखवून ते इंजेक्शन देता येईल का, हे ठरवायला सांगितलं. इमर्जन्सीवाल्यांची ६७ टक्के उत्तरं बरोबर आली, न्यूरॉलॉजिस्टची ८३ आणि रेडिओलॉजिस्टचीही ८३. म्हणजे इमर्जन्सीवाले मागे होते, पण पूर्ण बरोबर कुणीच नव्हतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात छोट्या शिकवणीनंतर इमर्जन्सीच्या रेसिडेंटांचे, म्हणजे पीजी शिकणाऱ्या डॉक्टरांचे गुण ६० टक्क्यांवरून ७८ वर गेले, तेही तीन महिन्यांनी परत तपासल्यावर. तेव्हा चुकायची भीती असेल तर तिला शिकू द्या. आणि त्या रात्री तिनं स्वतःच्या जिवावर उपचार सुरू केले नाहीत, सिनियरला उठवलं. यात बेजबाबदार काय होतं?

एआयचा मुद्दा वाचून हसू आलं. स्कॅन एआय वाचणार असेल तर पहिली झळ कुणाला, इमर्जन्सीला की तुम्ही गाळा घेतलेल्या रेडिओलॉजीला? मुंबईच्याच क्युअर डॉट एआय या कंपनीचं सॉफ्टवेअर डोक्याच्या सीटीवरचा रक्तस्राव हेरतं, त्यावरचा शोधनिबंध २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलाय. ते कामाचंच आहे, रांगेतला गंभीर स्कॅन आधी पुढे आणतं. माझ्या मते त्यानं रेडिओलॉजीही संपणार नाही. पण पेशंटचा पाय उचलून बघणं त्याला जमत नाही.

आता हे तिला वाचून दाखवा. बाई, एक ब्लीड बरोबर ओळखला म्हणून शाखा निवडू नकोस. इमर्जन्सीत मेंदूचे स्कॅन थोडे असतात. जास्त असतात ते छातीत दुखणारे, विष प्यायलेले, साप चावलेले, तापानं फणफणलेली पोरं आणि दारू पिऊन गोंधळ घालणारे. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण तो रात्री दारात उभा राहत नाही. वडिलांची ही काळजी खोटी नाही. स्वतःचं क्लिनिक टाकता येणार नाही, हेही ते बरोबर सांगतात. मोठं हॉस्पिटल आणि पगार, हाच मुख्य रस्ता. सीट घेण्याआधी एखाद्या चांगल्या इमर्जन्सी विभागात ओळीनं काही रात्री काढ, आणि तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटांशी त्यांचे सर जवळ नसताना बोल.

वाटा थोडक्यात. इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला आपल्याकडे २००९ मध्ये मान्यता मिळाली. एमडी किंवा डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची तिच्या तोडीची पदवी), दोन्ही तीन वर्षांच्या आणि नीट-पीजीतूनच. खासगी हॉस्पिटलं परदेशी विद्यापीठाच्या नावानं याच विषयाचे कोर्स चालवतात, तिथे पैसे भरण्याआधी एनएमसीची (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची) मान्यता तपासायचीच.

पसंतीक्रम तिनं भरावा, लॉक करण्याआधी तुम्हाला एकदा दाखवावा, एवढाच तुमचा हक्क. एमडी घ्यावी की डीएनबी, कुठल्या हॉस्पिटलात केसेस जास्त, रेसिडेंटला सीटी स्वतः बघू देतात का, हे तिनंच मला लिहून विचारावं. प्रवेशाच्या राउंडची तारीख जवळ असेल तर पत्र नको, फोन करायला सांगा.