शब्दशंका : ‘शहाणपण’ इंग्रजीत मांडताना

प्रश्न : नौपाड्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव एकोणीस वर्षांच्या कामानंतर पद सोडत आहेत. त्यांना द्यावयाचे मानपत्र मराठीत तयार आहे. परंतु त्यांची नातवंडे परदेशात वाढलेली असल्यामुळे इंग्रजी मजकूरही सोबत द्यावा असे ठरले. ‘त्यांच्या शहाणपणामुळे संस्था तरली’ या वाक्यावर गाडी अडली आहे. समितीतील चौघांनी चार शब्द सुचवले : विज्डम, प्रूडन्स, सॅगॅसिटी आणि श्रूडनेस. सचिवांनी सिंकिंग फंडाला कोणाला हात लावू दिला नाही, म्हणून गच्चीची आणि टाकीची मोठी दुरुस्ती कर्जाविना झाली. पुनर्विकासाच्या पहिल्या प्रस्तावातली मेख त्यांनीच सर्वांआधी ओळखली. गळतीवरून कोर्टापर्यंत गेलेल्या दोन कुटुंबांना त्यांनी पुन्हा बोलते केले. चारपैकी कोणता शब्द घ्यावा?
— एक सभासद, नौपाडा, ठाणे

उत्तर : सचिवांनी काय काय केले ते आपण लिहून पाठवले, त्यामुळे अर्धे काम आपणच केले आहे. शब्दकोशात हे चारही शब्द एका मजल्यावर राहतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत, आणि मराठीत ‘शहाणपण’ हा एकच शब्द ज्या तीन कामांवर आपण पांघरला आहे, ती तिन्ही कामे इंग्रजीत एका शब्दाखाली सुखाने नांदणार नाहीत.

फंडाची गोष्ट ही निःसंशय प्रूडन्सची. हा शब्द लॅटिनमधील ‘पुढचे पाहणे’ या अर्थाच्या शब्दाचा आखडलेला अवतार आहे. एके काळी त्याचा मान फार मोठा होता. ॲरिस्टॉटलने तत्त्वज्ञाचे शहाणपण आणि व्यवहारात योग्य ते ठरवण्याचे शहाणपण असा भेद केला. त्यांपैकी दुसऱ्याला लॅटिन भाषांतरकारांनी हाच शब्द दिला, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती विचारात तो चार प्रमुख सद्गुणांत अग्रस्थानी बसला. आजच्या इंग्रजीत मात्र तो आक्रसला असून त्याला पैशाचा वास येतो. बुडीत जाऊ शकणाऱ्या कर्जांसाठी बँकांनी आधीच तरतूद करावी, यासाठी नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेने १९९२ पासून जे निकष लागू केले, त्यांना ‘प्रूडेन्शियल’ म्हणतात ते याच अर्थाने. सिंकिंग फंडाच्या वाक्यात हा शब्द चपखल बसेल. पण संपूर्ण माणसाचे वर्णन या एका शब्दाने केले, तर नातवंडांना आजोबा हात आखडून खर्च करणारे होते एवढेच कळेल.

सॅगॅसिटीचे मूळ मला फार आवडते. लॅटिनमध्ये तिचे विशेषण तीव्र घ्राणेंद्रियाच्या शिकारी कुत्र्याला लावीत, आणि इंग्रजीतही आरंभी ते कुत्र्यांच्या नाकाबद्दल वापरले जाई. आपण ‘त्याला आधीच वास लागला’ म्हणतो, तीच ही कल्पना. त्यामुळे प्रस्तावातली मेख ओळखण्याला हा शब्द अर्थाने शोभतो. मात्र ‘सेज’, म्हणजे ऋषितुल्य ज्ञानी, याच्याशी त्याचे नाते लावण्याची चूक अनेक जण करतात. सेज हा शब्द ‘चव घेणे, जाणणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. लिनिअसने १७५८ मध्ये मानवजातीला ‘होमो सेपियन्स’ हे नाव दिले ते याच धातूवरून, आणि ‘इन्सिपिड’ म्हणजे बेचव, हाही त्याच घरातला. (स्वयंपाकात वापरतात त्या सेजच्या पानाचा यांपैकी कोणाशीही संबंध नाही, ते नाव तिसऱ्याच मुळाचे.) असे असले तरी सॅगॅसिटी हा शब्द मी सुचवणार नाही. तो जड आहे, आणि मोठ्याने वाचताना वाचणारा हमखास अडखळतो.

श्रूडनेस तर मानपत्रातून काढूनच टाकावा. या शब्दाचा पूर्वज ‘श्रू’ हा दुष्ट किंवा कजाग व्यक्तीसाठी वापरला जाणारा शब्द होता, आणि श्रूडचा पहिला अर्थही दुष्ट, खोडसाळ असाच होता. शतकानुशतके झिजत तो आज स्तुतीपर्यंत पोहोचला आहे खरा. पण या स्तुतीत समोरच्याने आपला खिसा चाचपून पाहावा अशी सूचना राहतेच. मराठीत याला ‘बेरकी’ हा नेमका शब्द आहे. ‘आमचे बेरकी सचिव’ असे आपण मानपत्रात छापणार नाही, मग इंग्रजीत तरी का छापावे?

सुचवलेल्या शब्दांत नसलेला एक शब्द मी आपल्या हाती देतो : डिसर्नमेंट. लॅटिनमध्ये याच्या मुळाशी चाळणे, वेगळे करणे ही क्रिया आहे, आणि आपल्या ‘विवेका’च्या मुळाशी असलेल्या संस्कृत ‘विच्’ धातूचा अर्थही वेगळे करणे हाच आहे. दूध आणि पाणी निराळे करणारा हंस दोन्ही भाषांना जणू वेगवेगळ्या वाटांनी भेटला. प्रस्तावातील गोड कलमांतून अडचणीचे कलम वेचून काढणाऱ्या माणसाला याहून चांगला शब्द नाही.

उरली ती दोन कुटुंबे. तेथे विज्डमच हवा. या शब्दाच्या मुळाशी पाहणे आणि जाणणे आहे, आणि आपल्या ‘वेद’ व ‘विद्या’ यांचा ‘विद्’ धातू त्याचा सख्खा भाऊ आहे. माहिती पुष्कळ असून विज्डम नसलेले लोक आपण सर्वसाधारण सभेत पाहतोच. केव्हा बोलावे, केव्हा गप्प राहावे आणि समोरच्याचेही हित कशात आहे, हे कळण्याला इंग्रजीत हा एकच शब्द पुरा पडतो. त्यांचा निवाडा समतोल होता असे लिहावयाचे झाल्यास ‘ज्युडिशस’ हे विशेषण घ्यावे, ‘ज्युडिशियल’ नव्हे. दुसरे न्यायालयाशी संबंधित आहे, आणि आपले प्रकरण कोर्टात गेलेले असल्यामुळे वाचणारे सचिवांना न्यायाधीश समजतील. मुख्य वाक्यात विज्डम, फंडाच्या वाक्यात प्रूडन्स आणि प्रस्तावाच्या वाक्यात डिसर्नमेंट, अशी मांडणी करून पाहावी.

प्रश्न : आठवीतल्या मुलाला मी ‘शहाणपणा करू नकोस’ म्हटले, तर तो विचारतो की हे इंग्रजीत ‘वाइज’ शब्द वापरून कसे म्हणायचे. असे म्हणता येते का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : चिरंजीवांनी चांगली नस पकडली आहे. मराठीत ‘शहाणपण’ हा गुण आणि ‘शहाणपणा’ हा बहुधा आगाऊपणा. एका कान्याने स्तुतीची कानउघाडणी होते. इंग्रजीत थेट तसे प्रत्यय-प्रकरण नाही, पण वाइज या शब्दालाही टोमण्याची बाजू आहेच. आगाऊ माणसाला अमेरिकन बोलीत ‘वाइज गाय’ म्हणतात, त्याच्या शेरेबाजीला ‘वाइजक्रॅक’, आणि उगाच ज्ञानी असल्याचा आव आणणारा तो ‘वाइजेकर’. या शेवटच्या शब्दाचा जमिनीच्या एकराशी काही संबंध नसून तो भविष्य सांगणाऱ्यासाठी असलेल्या डच शब्दाचा अपभ्रंश आहे. आई मुलाला बहुधा ‘डोन्ट गेट स्मार्ट विथ मी’ असे म्हणेल. आणि ‘दीडशहाणा’साठी ब्रिटिश इंग्रजीत ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ असा वाक्प्रचार आहे, म्हणजे अर्ध्याने जास्त हुशार. जास्तीचे ते अर्धे दोन्ही भाषांनी कसे एकसारखे मोजले, याचे मला अजून नवल वाटते.

प्रश्न : अक्कलदाढेला इंग्रजीत ‘विज्डम टूथ’ म्हणतात. मग अक्कल म्हणजेच विज्डम का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : दाढेपुरतेच. ती साधारण सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे माणसाला समज आली असे मानण्याच्या काळात येते, म्हणून लॅटिनपासून मराठीपर्यंत तिला असे नाव मिळाले. ‘अक्कल’ हा शब्द अरबी असून त्याच्या मुळाशी उंटाचा पाय बांधणे, त्याला आवरून धरणे ही क्रिया आहे. रोजच्या वापरात तो विज्डमपेक्षा ‘सेन्स’ या शब्दाच्या जवळ येतो : ‘एवढीही अक्कल नाही?’ येथे विज्डम घातल्यास वाक्य हास्यास्पद होईल. आणि फसवणुकीत गेलेले पैसे आपण ‘अक्कलखाती’ जमा करतो, तेव्हा इंग्रज माणूस विज्डम आणि सेन्स दोन्ही बाजूला ठेवून ते ‘एक्स्पिरिअन्स’च्या नावे टाकतो.