रोख पैशांशिवाय कामांची देवाणघेवाण: वही कशी ठेवावी?

प्रश्न: आम्ही चाळीस जण आहोत. पैसे न वापरता एकमेकांची कामं करायची आहेत. हिशेब कसा ठेवावा? असे गट लवकर बंद का पडतात?

चाळीस जण पुरेत, पण सगळेच सल्ला देणारे नि शिकवणी घेणारे नकोत. वही उघडण्याआधी प्रत्येकाकडून दोन याद्या घ्या: देता येतील अशी तीन कामं, आणि येत्या महिन्यात खरोखर लागणारी तीन. निम्म्या गरजाही गटात भागत नसतील, तर आधी दुरुस्ती, वाहतूक, मुलं-म्हातारी माणसं सांभाळणं असली कामं करणारे सभासद आणा.

हिशेब सोपा आहे. सगळी खाती शून्यापासून सुरू करा. कुपनं छापू नका. सुताराने शिक्षिकेची खिडकी दोन तासांत नीट केली की त्याच्या खात्यात 2 जमा, तिच्या नावे 2 (म्हणजे उणे 2). तिने आधी काही कमावलेलं असण्याची गरज नाही. नोंद काम करून घेणाऱ्याने करायची, म्हणजे वाद होत नाहीत. सगळ्या शिलकांची बेरीज कायम शून्य यायला हवी. महिनाअखेरीला आली नाही, तर एखादी नोंद एकाच बाजूला पडली आहे. लाकूड, खिळे, इंधन यांचे पैसे मात्र रोख द्या. ते तासांत धरले की भांडणं ठरलेली.

बंद पडण्याचं कारण लोक बुडव्यांमध्ये शोधतात. माझ्या मते खरा धोका उलट्या टोकाला असतो. नळदुरुस्ती करणाऱ्याकडे 60 तास साठतात, त्याला हवं ते गटात मिळत नाही आणि तो हळूहळू फोन उचलायचं सोडतो. म्हणून मर्यादा दोन्हीकडे हवी: नव्या सभासदाला उणे 5, व्यवहार रुळल्यावर उणे 10, जमेला अधिक 20. कुणी अधिक 10 च्या पुढे गेला की समन्वयकाने त्याला काय हवंय ते विचारून माणूस शोधून द्यावा. यादी भिंतीवर लावून हे होत नाही. नावे शिल्लक असणाऱ्याला मात्र लाजवू नका. कुणाच्या तरी नावे पडल्याशिवाय दुसऱ्याला जमा होतच नाही.

समन्वयकाला फुकट राबवू नका. दरमहा प्रत्येकाकडून अर्धा तास घेतला तर सामाईक खात्यात 20 तास येतात: 12 त्याला, 8 बुडीतासाठी (कुणी तास न फेडता गेला तर). या खात्यालाही मर्यादा हवीच. तिथून जमेपेक्षा जास्त तास वाटले की सगळ्यांकडे तास साचतात आणि त्यांवर घ्यायला काम उरत नाही.

1983 मध्ये कॅनडातल्या कोमॉक्स खोऱ्यात मायकेल लिंटन यांनी सुरू केलेली 'लेट्स' पद्धत साधारण अशीच होती. स्वित्झर्लंडमधली 1934 ची 'वीर' ही रोखीविना देवाणघेवाणीची संस्था लहान धंद्यांसाठी आहे आणि कर्जाला तारण घेते. शेजाऱ्यांच्या गटात तारण मागणं अवघड, म्हणून उणे मर्यादा लहान ठेवायची.

स्वतःच्या नेहमीच्या व्यवसायातलं काम कुणी देत असेल, तर तुमच्याकडे त्यावर कर लागतो का, हे आधी विचारून घ्या. गट सोडणाऱ्याने खातं शून्यावर आणावं, ही अट प्रवेश-अर्जावरच लिहा. तरी न आणल्यास तेवढे तास बुडीत खात्यातून भागवा.