पाढे पाठ आहेत, तरी भागाकार चुकतो. अशा मुलाला तुम्ही कसं शिकवता?

तुम्ही लिहिलंय की मुलगा चौथीत आहे, पाढे तोंडपाठ आहेत, शिकवणीही लावली, तरी भागाकारात तीच चूक पुन्हा पुन्हा होते. मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. असं मूल समोर आलं की मी त्याला शेजारी बसवते आणि म्हणते, "हे कसं केलंस, मला सांग बरं." तो सांगेपर्यंत हातात पेन घेत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीनं ६१२ भागिले ६ चं उत्तर १२ काढलं. तिला विचारलं. ती म्हणाली, "सहा एके सहा. मग एक खाली घेतला, एकात सहा जात न्हाई, म्हणून दोन बी घेतला. सहा दुणे बारा." पाढा बरोबर, रीतही जवळजवळ बरोबर. फक्त भाग गेला नाही तिथे वर शून्य द्यायचं राहिलं. आता "शून्य विसरू नकोस" असं मी शंभरदा सांगितलं असतं तरी ती विसरलीच असती, कारण ते शून्य कशासाठी, हेच तिला कुणी दाखवलं नव्हतं.

मग खेळण्यातल्या नोटा काढल्या. शंभराच्या सहा, दहाची एक, रुपयाची दोन नाणी. सहा मुलं बसवली आणि तिलाच वाटायला लावलं. शंभराची एकेक नोट सगळ्यांना दिली. दहाची नोट हातात धरून ती थांबली. "बाई, ही एकच हाय. सुट्टे द्या." मी दहा नाणी दिली, आता बारा झाली, प्रत्येकाला दोन आली. "दहाची नोट कुणाला मिळाली?" "कुणालाच न्हाई." तेवढं बोलून ती स्वतःच वहीकडे वळली आणि एक आणि दोनच्या मधे शून्य लिहिलं.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अशा उत्तरावर लाल फुली मारून पुढे जात होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं. फुलीनं मुलाला चुकलंय एवढंच कळतं, आणि मला तर काहीच कळत नाही.

दुसरी एक गोष्ट मराठीतल्या मुलांचीच आहे. 'पस्तीस' ऐकून ५३ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो, मग त्यांचा गोंधळ होणारच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'तीस पाच' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता! मी दोन्ही वापरते. अडलेल्या मुलाला 'तीस पाच' म्हणजे 'पस्तीस', असं जोडून म्हणायला लावते. घरी, बाजारात सगळे पस्तीसच म्हणणार, त्यामुळे ते सोडून चालत नाही.

आणि बरोबर उत्तरालाही "कसं केलंस?" विचारा. नाहीतर प्रश्न आला की आपलं चुकलंय, असं समजून मुलं लगेच खोडरबर काढतात.

आज त्याच्या वहीतलं चुकलेलं एकच गणित घ्या. मधे न टोकता त्याला बोलू द्या, आणि तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत इथे लिहा. पुढचं मला त्यावरूनच सांगता येईल.