जर्मनीत शेजारीपाजारी खरंच कुणाशी बोलत नाहीत का?

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, तुम्ही मुलीला घेऊन जूनमध्ये निघणार आहात, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो: तिथे दार लावलं की माणूस दिसत नाही, एकटं पडायला होतं. मी मूळची नाशिकची, गेली नऊ वर्षं श्टुटगार्टच्या कडेला राहते. बोलतात हो शेजारी. फक्त पहिलं बोलणं बहुतेक तक्रारीचं असतं, हे मनाशी धरून या.

आम्ही राहायला आलो त्याच्या दुसऱ्या सोमवारी दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक छोटी लाकडी पाटी दिसली. वर लिहिलेलं 'केअरवोखे'. मला वाटलं कुणाची तरी जाहिरात, काढून चपलांच्या कपाटावर ठेवली. शुक्रवारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. सत्तरीच्या असतील. नमस्कार झाला, नाव सांगून झालं आणि लगेच मुद्दा: जिना अजून झाडलेला नाही.

केअर म्हणजे झाडणं, वोखे म्हणजे आठवडा. आपला केर म्हणूनच लक्षात ठेवा, विसरणार नाही. पाटी ज्याच्या दारावर, त्या आठवड्यात जिना त्याचा. आठवडा संपला की झाडून-पुसून पाटी पुढच्या दारावर. ही झाली छोटी. मोठी पाळी आली की तळघराची वाट, कचऱ्याच्या पेट्यांची जागा आणि समोरचा फुटपाथ. आमच्या इमारतीत हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फसुद्धा. हा सगळा श्वाबेन भागाचा, म्हणजे श्टुटगार्ट आणि आसपासचा रिवाज. तिथल्या १४९२ सालच्या नगरकायद्यात आपापली घाण वेळच्या वेळी गावाबाहेर न्यायचा नियम होता, त्याची ही पणती समजा. हल्ली बऱ्याच इमारती सफाईवाले लावतात, तेव्हा घर घेण्याआधी भाडेकरारात बघून घ्या. (मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. जिन्याच्या बाबतीत बहिणींचं अजिबात जमलेलं नाही.)

तर मी झाडू घेऊन जिना काढला. बाई पुन्हा वर. ओल्या फडक्याने पुसायचं राहिलं होतं, आणि कठड्याखालची पट्टी. त्यांनी स्वतः वाकून बोट फिरवून दाखवलं. मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, ही माझी सासू कुठून आली.

रविवारचंही तसंच. दुकानं बंद, मोठ्या स्टेशनातली किंवा पेट्रोल पंपावरची सोडून. आमचा पहिला रविवार दुधाशिवाय गेला. पण गोम पुढे आहे: त्या दिवशी भिंतीत ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या टाकीत खळकन टाकायच्या नाहीत. मिक्सरवर चटणी मी शनिवारीच वाटून ठेवते. कुकरच्या शिट्टीबद्दल मात्र अजून कुणी काही म्हटलेलं नाही.

अहो-जाहोचा प्रश्न आपल्याला सोपा जातो. 'झी' म्हणजे तुम्ही, 'डू' म्हणजे तू. फरक इतकाच की तू म्हणू या का, हे वयाने मोठ्याने विचारायचं असतं. खालच्या बाईंनी नऊ वर्षांत विचारलेलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणते, तोंडावर आडनाव.

एका दसऱ्याला मी त्यांना वाटीभर श्रीखंड नेऊन दिलं. इथे चक्का टांगायचा खटाटोप नाही: क्वार्क नावाचा प्रकार कुठल्याही दुकानात डब्यात मिळतो. चाळीस टक्केवाला घ्या, बिनचरबीचा घेतलात तर श्रीखंड पिठूळ लागतं. आंबटपणा कमी वाटला तर थोडं तुर्की दुकानातलं दही घाला. तर ती वाटी संध्याकाळीच परत आली. घासूनपुसून, लख्ख, रिकामी. आपल्याकडे रिकामं भांडं कुणी परत करतं का? निदान साखरेची चिमूट तरी. मी दोन दिवस फुगून होते. तिसऱ्या दिवशी बाई कागद-पेन घेऊन दारात: वेलची किती ग्रॅम? मी म्हटलं, अंदाजाने. त्यांनी 'अंदाजाने' लिहून घेतलं नाही, पेन तसंच धरून उभ्या राहिल्या. शेवटी मी आत जाऊन पाच वेलच्या वजनकाट्यावर ठेवल्या. काटा शून्यावरून हलला नाही. त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

मग गेल्या हिवाळ्यात माझा घोटा मोडला. महिनाभर प्लास्टर. आमची पाळी आली तरी दारावर पाटी काही येईना. नवऱ्याला वाटलं विसरले. लिफ्ट नाही, त्यामुळे तोच सकाळ-संध्याकाळ जिन्यावरून ये-जा करायचा. एक दिवस त्याला दिसलं की पाटी बाईंच्याच दारावर आहे, आणि आमच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या ओल्या. 'कशा आहात' म्हणून त्या एकदाही वर आल्या नाहीत. महिन्याने प्लास्टर निघालं, त्यानंतरच्या सोमवारी पाटी आमच्या मुठीला हजर.

बाकी बारीकसारीक. वाढदिवसाच्या शुभेच्छा आधी देऊ नका, अपशकुन मानतात. मी एका सहकाऱ्याला सोमवारच्या वाढदिवसाच्या शुक्रवारीच दिल्या, त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि ऑफिसात केक ज्याचा वाढदिवस त्यानेच आणायचा असतो. गाड्यांच्या वक्तशीरपणाबद्दल जे ऐकलं असेल ते विसरा. सहा मिनिटांपेक्षा कमी उशिराने आलेली गाडी इथल्या रेल्वेच्या हिशेबात वेळेवरच, आणि श्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनाचं काम २०१० पासून चालू आहे. मुलगी सहा-सात वर्षांची असेल तर शाळेत एकटी चालत जायला लागेल. पहिले चार दिवस तुमचा जीव टांगणीला, तिचा नाही.

भेंडी, कोथिंबीर, पुदिना तुर्की दुकानात. कढीपत्ता श्रीलंकेतल्या तमिळ लोकांच्या दुकानात. पोळ्यांना पिठाच्या पाकिटावर १०५० आकडा बघा. ४०५ म्हणजे मैदाच. कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा तेवढ्या सामानात टाका, मला इथे वेळेवर एकदाही मिळाली नाही.